वचन मिळालं होतं, तरी पौलाने भाच्याला सरदाराकडे पाठवलं

येशूचा प्रेषित पौल याला एक बहीण होती आणि तिला एक मुलगा होता. बायबलमध्ये त्या मुलाचं नाव नाही, वय नाही. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या 23व्या अध्यायात तो येतो, एक निरोप सांगतो आणि निघून जातो. पुन्हा कुठेही दिसत नाही. पण देवाच्या सार्वभौमत्वाबद्दल कुणी विचारलं की मला आधी तो मुलगा आठवतो.

पौल तेव्हा यरुशलेमात रोमन सैन्याच्या कैदेत होता. रात्री प्रभू त्याच्याजवळ उभा राहिला आणि म्हणाला, धीर धर. इथे माझ्याविषयी साक्ष दिलीस, तशीच तुला रोममध्येही द्यायची आहे. म्हणजे पौल रोमला पोचणार, हे ठरलं. त्यानंतरच्या सकाळी चाळीसहून जास्त माणसांनी शपथ घेतली की पौलाला मारल्याशिवाय अन्नपाणी घ्यायचं नाही. भाच्याच्या कानावर हा कट आला. तो गढीत शिरला आणि त्याने मामाला सगळं सांगितलं.

आता पौल काय करतो ते बघा. "काळजी करू नकोस बाळा, कालच प्रभूने मला वचन दिलंय," असं म्हणून तो मुलाला घरी पाठवत नाही. तो एका शताधिपतीला हाक मारतो आणि सांगतो, याला सरदाराकडे घेऊन जा, याला काहीतरी सांगायचंय. सरदार त्या मुलाचा हात धरतो, त्याला बाजूला नेतो, शांतपणे विचारतो. त्याच रात्री नवाच्या सुमाराला 200 शिपाई, 70 घोडेस्वार आणि 200 भालेकरी पौलाला घेऊन कैसरियाच्या वाटेला लागतात.

वचन देवाचं होतं. ते पुढे सरकलं एका मुलाच्या कानांमुळे, एका परक्या अधिकाऱ्याच्या तत्परतेमुळे आणि पौलाच्या प्रसंगावधानामुळे. या तिन्ही गोष्टी देवाच्या हाताबाहेर नव्हत्या. एवढं नीट समजलं की बराच गुंता सुटतो.

सार्वभौम हा शब्द मुळात राज्यकारभारातला. ज्याच्या वर कुणी नाही आणि ज्याच्या सत्तेबाहेर काही नाही, तो सार्वभौम. पवित्र शास्त्र हे देवाविषयी अगदी बारीकसारीक गोष्टींपर्यंत म्हणतं. चिठ्ठ्या टाकल्या तरी निकाल परमेश्वराकडून येतो. राजाचं मन त्याच्या हातात पाण्याच्या पाटासारखं असतं, तो हवं तिकडे वळवतो. आणि येशू तर थेट चिमण्यांवर येतो.

त्या चिमण्यांचा हिशेब मला फार आवडतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात दोन चिमण्या एका दमडीला विकल्या जातात. लूकच्या शुभवर्तमानात पाच चिमण्या दोन दमड्यांना. मत्तयाच्या भावाने दोन दमड्यांत चारच यायला हव्यात. पाचवी विकणाऱ्याने वर टाकलेली दिसते. तिला किंमतच नाही. आणि येशू म्हणतो, त्यांतल्या एकीचाही देवाला विसर पडलेला नाही. मत्तयात तो म्हणतो, तुमच्या पित्यावाचून त्यांतली एकही जमिनीवर पडत नाही. चिमण्या पडतच नाहीत, असं तो म्हणालेला नाही. पडतात. पण पित्याच्या नजरेआड, त्याच्या हातातून निसटून पडत नाहीत. शिवाय इथे त्याने 'राजा' हा शब्द वापरलेला नाही. तो 'तुमचा पिता' म्हणतो. सार्वभौमत्वाची सगळी शिकवण या एका शब्दावर उभी आहे, असं मी मानतो. हातात सत्ता आहे पण मनात माया नाही, अशा कुणावर आपण भरवसा ठेवत नाही. त्याला फक्त घाबरतो.

1563 साली जर्मनीतल्या हायडेलबर्ग इथे विश्वासाची एक प्रश्नोत्तरी तयार झाली. तिच्यात 129 प्रश्न आहेत. 27व्या प्रश्नाच्या उत्तरात म्हटलंय की पाऊस आणि दुष्काळ, आरोग्य आणि आजार, श्रीमंती आणि गरिबी या गोष्टी योगायोगाने येत नाहीत, पित्याच्या हातून येतात. पुढचा प्रश्न तर अगदी व्यवहारी आहे: हे कळून फायदा काय? उत्तरात तीन गोष्टी आहेत. वाईट दिवसांत धीर, चांगल्या दिवसांत कृतज्ञता आणि पुढच्या दिवसांसाठी भरवसा. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या त्या लोकांना ही शिकवण वादासाठी नको होती, रोज उठून जगायला हवी होती.

पण मग हे नशीबच झालं की नाही? हा प्रश्न मला बायबल अभ्यासात हमखास येतो, आणि तो रास्त आहे. 'कपाळी लिहिलेलं चुकत नाही' आणि 'सगळं देवाच्या हातात आहे' ही दोन वाक्यं ऐकायला सारखीच वाटतात. फरक असा की नशिबाला चेहरा नसतो. त्याच्याशी बोलता येत नाही, भांडता येत नाही, त्याला जाब विचारता येत नाही. 13व्या स्तोत्रात दावीद राजा पहिल्या दोनच वचनांत चार वेळा 'कुठवर?' असं विचारतो. हे परमेश्वरा, कुठवर मला विसरशील, कुठवर तोंड लपवशील? नशिबाला असं कुणी विचारत नाही, कारण पलीकडे ऐकणारं कुणी नसतं. दावीद विचारतो, याचाच अर्थ त्याला पलीकडे कुणीतरी आहे याची खात्री आहे.

दुसरा घोटाळा याच्या उलट टोकाचा. 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' ही म्हण आपण आळशाला टोमणा म्हणून वापरतो; पण विश्वासाच्या नावाखाली तेच वागणं आपल्यात कधी शिरतं, ते कळतही नाही. देवाच्या इच्छेत असेल तर नोकरी मिळेल, मग अर्ज कशाला? बरं करायचं असेल तर देव करील, मग गोळ्या कशाला? ऐकायला हे भक्तीचं बोलणं वाटतं. याचं उत्तर मला पुन्हा पौलाच्याच प्रवासात सापडतं, कृत्यांच्या 27व्या अध्यायात.

कैसरियात दोनहून जास्त वर्षं कैदेत काढल्यावर पौल रोमला निघाला. हिवाळा तोंडावर आला होता, समुद्रप्रवासाचे दिवस सरले होते. क्रेताजवळ पौलाने इशारा दिला, पण शताधिपतीने तांडेलाचं आणि तारवाच्या मालकाचं ऐकलं. मग ईशान्येकडून युरकुलोन नावाचा तुफानी वारा सुटला. तारवाला खालून दोर आवळून बांधलं, माल समुद्रात टाकला, तिसऱ्या दिवशी तारवाचं सामानही टाकलं. कित्येक दिवस सूर्य दिसला नाही, तारे दिसले नाहीत. त्या काळी सूर्य आणि तारेच दिशा दाखवत, तेही गेले. कृत्यांचं पुस्तक लिहिणारा लूक त्या तारवावर होता, आणि तो लिहितो की आपण वाचू ही आशाच सुटली.

अशा वेळी देवदूत पौलाला सांगतो, तू कैसरासमोर, म्हणजे रोमच्या सम्राटासमोर, उभा राहणार आहेस, आणि तुझ्याबरोबरच्या सगळ्यांचे जीव देवाने तुला दिले आहेत. पौल सर्वांसमोर हे जाहीर करतो: तारवाखेरीज कुणाचंही नुकसान होणार नाही. अट नाही, जर-तर नाही.

आणि चौदाव्या रात्री काय होतं? खलाशांना जमीन जवळ आल्याची चाहूल लागते. ते खोली मोजायला बुडीद टाकतात, पाणी 20 वाव (एक वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढं अंतर) भरतं. थोडं पुढे जाऊन पुन्हा टाकतात, 15 वाव. खडकावर आपटू या भीतीने ते मागच्या बाजूने चार नांगर सोडतात आणि उजाडायची वाट बघत बसतात. मग काही खलाशी पुढचे नांगर टाकायचं सोंग करून हळूच होडी पाण्यात सोडतात. पळून जायचा बेत असतो. पौल ते ओळखतो आणि शिपायांना सांगतो, हे लोक तारवात राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही.

थांबून हे वाक्य पुन्हा वाचा. सगळे वाचणार असं देवानं सांगून टाकलंय, आणि तोच पौल म्हणतोय, खलाशी गेले तर तुम्ही वाचणार नाही. त्याचा विश्वास डळमळला का? मुळीच नाही. देवाने शेवट ठरवला तेव्हा शेवटाकडे जाणारा रस्ताही ठरवला होता, आणि त्या रस्त्यात खलाशांचे हात होते, शिपायांनी कापलेले होडीचे दोर होते, पहाटे पौलाने सगळ्यांना बळेच खायला लावलेली भाकर होती. तारवात 276 माणसं होती. शेवटी तारू वाळूत रुतलं, मागचा भाग लाटांनी फुटला, पोहता येणाऱ्यांनी उड्या टाकल्या, बाकीचे फळ्यांवर तरंगत किनाऱ्याला लागले. सगळे वाचले. पण हवेतून उचलून कुणालाही किनाऱ्यावर ठेवलं गेलं नाही. भिजले, गारठले, नाकातोंडात खारं पाणी गेलं.

गोळी घेणं, अर्ज भरणं, डॉक्टरांचं दुसरं मत घेणं, पैसे बाजूला टाकणं हे सगळं त्या फळ्यांच्या जातीचं आहे. फळी धरणं म्हणजे देवावरचा हात सोडणं नव्हे.

प्रार्थनेलाही हेच लागू होतं. देवाने सगळं ठरवलंय तर मागायचं कशाला, असं वाटतं खरं. पण एलीया संदेष्ट्याकडे बघा. मी पाऊस पाडणार आहे, असं देवाने त्याला आधीच सांगितलं होतं. तरी तो कर्मेल डोंगरावर गुडघ्यांत डोकं घालून बसला आणि चाकराला समुद्राकडे बघायला सात वेळा पाठवलं. सहा वेळा काही दिसलं नाही. सातव्यांदा माणसाच्या तळहाताएवढा ढग दिसला. वचन होतं म्हणून तो स्वस्थ बसला नाही. वचन होतं म्हणूनच चिकाटीने मागत राहिला. देवाने पाऊस ठरवला होता आणि त्या पावसाआधीची प्रार्थनाही.

प्रार्थनेचं उत्तर मात्र आपण आखलेल्या आकारात येईलच असं नाही. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या 15व्या अध्यायात तिथल्या ख्रिस्ती मंडळीला विनंती केली होती: यहूदीयातल्या विरोधकांच्या हातून माझी सुटका व्हावी आणि मी आनंदाने तुमच्याकडे यावं, म्हणून माझ्यासाठी प्रार्थना करा. पुढे काय झालं? यरुशलेमात त्याला पकडलं. मारेकऱ्यांपासून तो वाचला, पण साखळ्यांत. रोमला पोचला, पण वर्षानुवर्षांनी, कैदी म्हणून, बुडालेल्या तारवातून. प्रार्थना ऐकली गेली का? माझ्या मते, हो. पण त्यांतल्या कुणालाही ती तशी ऐकली जाईल असं वाटलं नसेल.

आता सगळ्यात जड प्रश्न. मग दुष्टाईचं काय? माणसं वाईट वागतात, तेही देवच करवतो का? शास्त्र इथे नाही म्हणतं आणि तरीही दुष्टाईला देवाच्या सत्तेबाहेर जाऊ देत नाही. योसेफाला भावांनी चांदीच्या वीस नाण्यांना विकलं. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. मिसरचा राजा फारो याच्यासमोर उभा राहिला तेव्हा तीस वर्षांचा. मधली तेरा वर्षं गुलामी, खोटा आळ, तुरुंग. त्यात ज्याचं भलं केलं तो प्यालेबरदार दोन वर्षं त्याला साफ विसरला. शेवटी भावांना तो म्हणतो, तुम्ही माझं वाईट योजलं, पण देवाने त्यातच चांगलं योजलं. 'तुम्ही केलं ते वाईट नव्हतंच' असं तो म्हणत नाही. एकाच घटनेत दोन हेतू आहेत, आणि भावांचा हेतू वाईटच राहतो. येशूचा शिष्य पेत्रही वधस्तंभाबद्दल असंच बोलतो: देवाच्या ठरलेल्या संकल्पानुसार येशूला धरून दिलं गेलं, आणि तुम्ही त्याला मारलंत. माणसाचा दोष त्या संकल्पात विरघळून जात नाही.

हे दोन्ही एकत्र कसं बसतं, यावर ख्रिस्ती मंडळीत शतकानुशतकं वाद आहे. धर्मसुधारक कॅल्व्हिनचे अनुयायी देवाच्या संकल्पावर भर देतात, डच धर्मपंडित आर्मिनियसचे अनुयायी देवाने माणसाला दिलेल्या मोकळीकीवर. 1618-19 मध्ये नेदरलँड्समधल्या डॉर्ड्रेख्ट इथे यावर महिनोन्‌महिने धर्मसभा चालली. त्याआधी मोलिना या जेझुइट संघातल्या स्पॅनिश धर्मपंडिताने तिसरी वाट सुचवली होती: कोणता माणूस कोणत्या परिस्थितीत काय करील, हे देवाला आधीच ठाऊक असतं. हे सगळे वाद वाचण्यासारखे आहेत. पण त्यांचा निकाल लागेपर्यंत भरवसा थांबवून ठेवायची गरज नाही. भाच्याला सरदाराकडे पाठवताना पौल हे कोडं सोडवत बसल्याचं दिसत नाही.

एक सवय मात्र मला खरंच धोक्याची वाटते: प्रत्येक घटनेचा अर्थ लावण्याची. बस चुकली, म्हणजे देवाला मी जायला नको होतं. व्यवहार फिसकटला, म्हणजे माझ्या हातून काही पाप घडलं असणार. त्याच प्रवासात मिलिता बेटावर पौल काटक्या गोळा करत होता. (ज्याला देवदूताने दर्शन दिलं, तो माणूस पावसात, थंडीत, शेकोटीसाठी काटक्या वेचतोय. हे चित्र मला फार प्रिय आहे.) काटक्यांतून साप निघून त्याच्या हाताला डसला. बेटावरचे लोक म्हणाले, हा खुनी असणार, समुद्रातून वाचला तरी न्यायाने याला जगू दिलं नाही. थोड्या वेळाने त्याला काहीच झालं नाही हे पाहून तेच लोक म्हणाले, हा देव आहे. दोन्ही अर्थ चूक. घटना डोळ्यांसमोर होती, पण तिचा अर्थ तिच्या अंगावर लिहिलेला नव्हता. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 29व्या अध्यायात म्हटलंय की गुप्त गोष्टी परमेश्वराच्या आहेत, प्रकट केलेल्या आपल्या. आपल्याला आज्ञा दिलेल्या आहेत: खरं बोल, शेजाऱ्यावर प्रीती कर, काम कर, क्षमा कर. नोकरी कोणती निवडू, हे ठरवताना या आज्ञा, जाणत्यांचा सल्ला आणि देवाने दिलेली अक्कल पुरेशी असते. निर्णय घेतल्यावर तो बरोबर होता की नाही याच्या खुणा आभाळात शोधत बसू नये.

दुसऱ्याच्या दुःखाचा अर्थ लावणं तर त्याहून वाईट. मुलंबाळं आणि सगळं काही गमावलेल्या ईयोबाकडे त्याचे मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तेवढंच त्यांनी चांगलं केलं. मग तोंड उघडलं आणि शेवटी देवाचा राग ओढवून घेतला. मयताच्या घरी 'देवाचीच इच्छा होती' हे वाक्य फार लवकर बोललं जातं. ते खोटं असतं म्हणून नव्हे, वेळ चुकते म्हणून ते जखमेवर मीठ होतं. मेलेल्या लाजराला आपण आता उठवणार आहोत हे येशूला माहीत होतं, तरी तो त्याच्या बहिणींबरोबर रडला. पुढचं सगळं ठाऊक असलेला जिथे रडतो, तिथे आपण कुणाला रडू नको म्हणावं?

आणि घरात मारहाण सोसणाऱ्या बाईला 'देवाची इच्छा म्हणून सहन कर' असं सांगणारे लोक या शिकवणीचा गैरवापर करतात, हे मी स्पष्ट म्हणतो. पौलाला फटके मारायला बांधलं तेव्हा त्याने आपलं रोमन नागरिकत्व पुढे केलं आणि फटके टळले. नंतर त्याने थेट कैसराकडे दाद मागितली. सार्वभौम देवावर विश्वास असलेल्या माणसाने कायद्याचा आधार घेतला, आणि देव त्यातूनच त्याला रोमला घेऊन गेला.

रोजच्या जगण्यात या विश्वासाची कसोटी मला सगळ्यात जास्त झोपेत दिसते. काही वर्षांपूर्वी माझे वडील अतिदक्षता विभागात होते. मी बाहेरच्या स्टीलच्या खुर्चीवर बसून दाराच्या काचेतून दिसणाऱ्या मॉनिटरवरचा हिरवा आकडा बघत होतो. 91. 90. 92. आकडा खाली आला की माझाच श्वास अडायचा. दोन रात्री मी डोळा मिटला नव्हता. तिसऱ्या रात्री तिथली परिचारिका बाहेर आली आणि म्हणाली, "तुम्ही झोपा आता. आम्ही आहोत ना जागे." मला राग आला. जणू मी बघत राहिलो तरच तो आकडा टिकणार होता. मग 121वं स्तोत्र आठवलं, लहानपणी पाठ केलेलं: इस्राएलाचा रक्षक झोपत नाही, डुलकीही घेत नाही. ते पाठ होतं, पण त्या रात्रीपर्यंत मला वाटत होतं की जागं राहण्याचं काम माझं आहे. चप्पल काढली, तीन खुर्च्या जोडल्या आणि आडवा झालो. पहाटे जाग आली तेव्हा आकडा 95 होता.

वडील त्या खेपेला घरी आले. तीन वर्षांनी ते गेले, तेव्हा मी त्यांच्या उशाशी टक्क जागा होतो, त्यांचा हात माझ्या हातात होता. दोन्ही रात्री जागा राहणारा दुसराच होता. त्याच्याशी मी त्यानंतर कितीतरी दिवस भांडलो, 13व्या स्तोत्राच्या शब्दांत. अजूनही कधी कधी भांडतो. आणि रात्री दिवा मालवून झोपतो.